औताचा घोडा पेन्सिलीने काढताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या शेतात घोडा नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी निम्मी फसगत तिथूनच सुरू झाली. आमच्या डिचोली-मये भागात जोताला बैल, आणि आता तेही कमीच. बहुतेक ठिकाणी पॉवर टिलरची फटफट. मग मला औताच्या घोड्याचं खूळ कुठून लागलं? माझा मामेभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. तिकडे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. एका सुट्टीच्या दिवशी तो गावाबाहेर नांगरणीची स्पर्धा बघायला गेला आणि मोबाइलवर वीसेक फोटो पाठवून मोकळा झाला. त्यातल्या एका फोटोत एक अवाढव्य घोडा लोखंडी दातांची चौकट ओढतोय, मागून एक म्हातारा लांब कासरे धरून चालतोय, आणि घोड्याच्या पाठीवरून थंडीतली वाफ उठतेय. ते चित्र मला काढायचंच होतं.

सात कागद फुकट गेले. आठवा भिंतीवर आहे. त्या सात कागदांत जे कळलं ते खाली क्रमाने लिहितो. तुम्ही शाळेत बऱ्यापैकी चित्रं काढत होता आणि नंतर वही मिटली ती मिटलीच, असं धरून चाललोय. अगदी पेन्सिल धरण्यापासून शिकायचं असेल तर आधी महिनाभर भांडी आणि चपला काढा, मग इकडे या.

हाताशी काय हवं

– पेन्सिली: २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी. पाच पुरे. अप्सरा किंवा कॅमलिन चालतात. स्टेडलर घेतलीत तर शिसं जरा एकसारखं लागतं, पण त्याने घोडा चांगला येत नाही.
– सुताराची चपटी पेन्सिल, हार्डवेअरच्या दुकानातली. माती आणि ढेकळांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. व्हॅन गॉग १८८१-८२ च्या सुमारास शेतमजूर काढायला हीच वापरत असे, तेव्हा तिला कमी लेखू नका.
– ए-३ आकाराचा जाडसर कार्ट्रिज कागद, १५० जीएसएम किंवा वरचा. झेरॉक्सचा कागद सरावाला.
– दोन खोडरबर: एक साधा, एक मळून घ्यायचा मऊ. दुसरा पणजी-मडगावच्या चित्रसाहित्याच्या दुकानात मिळतो.
– कागदाची वळलेली वात, ब्लेड, जुनं वर्तमानपत्र (हाताखाली घ्यायला), लांब पट्टी.
– शिसं पुसलं जाऊ नये म्हणून चित्रावर मारायचा फिक्सेटिव्ह स्प्रे.
– तुमचा मूळ फोटो, काळ्या-पांढऱ्यात ए-४ वर छापलेला. मोबाइलच्या पडद्यावरून काढू नका. दर दोन मिनिटांनी पडदा विझतो, बोट लागून चित्र मोठं-लहान होतं आणि माप हातचं जातं.

१. कुठला घोडा, ते आधी ठरवा

आपल्या डोळ्यांत घोडा कुठला असतो? डिचोली-सत्तरीत वाढलेल्यांना शिगम्यातली घोडेमोडणी दिसते: कमरेला बांधलेला सजवलेला घोडा, मान कमानीसारखी, ढोल-ताशांवर झुलणारा. बाकीच्यांना महाराजांच्या पुतळ्याखालचा, पुढचा पाय उचललेला. किंवा लग्नाच्या वरातीतला, ज्याचा जरीखाली निम्मा घोडा दिसतच नाही. हे तिन्ही मिरवणारे घोडे. मान वर, छाती पुढे. हात आपोआप तोच घोडा काढतो. माझे पहिले तीन कागद असेच गेले: शेतात ढेकळं, मागे घामाघूम म्हातारा, आणि पुढे वरातीतला घोडा.

राबणारा घोडा मान खाली घालतो. ओझं जड तितकी मान पुढे आणि खाली. एवढं एक पहिल्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

तुमच्यापुढे दोन खरे पर्याय आहेत. एक, माझ्यासारखा विलायती औताचा घोडा. फोटोतला शायर जातीचा होता; इंग्लंडातली ही भारी जात, पायांना गुडघ्याखाली लांब झुपकेदार केस. दुसरा पर्याय आपल्या बाजूचा: घाट चढून बेळगाव-कोल्हापूरकडे गेलात की मेंढपाळ धनगरांच्या तांड्याबरोबर ओझ्याची घोडी दिसतात. अंगाने किरकोळ, पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कधी एखादं कोकरू, कधी पोर. ती नांगर ओढत नाहीत, पण कष्ट तोच. मला विचाराल तर दुसरं चित्र जास्त चांगलं होईल, कारण ते तुम्ही जाऊन बघू शकता. पण माणूस ज्यावर भाळतो तेच काढतो.

दोन्हींची सरमिसळ मात्र नको. मी एका कागदावर शायर घोड्यामागे हौसेने दोन माड उभे केले होते. बायको म्हणाली, "हा घोडा कळंगुटला फिरायला आलाय का?" कागद फाडला.

२. ओढ शिकायला बैलाकडे जा, नाहीतर टिलरकडे

घोडा नाही म्हणून अडून बसू नका. ओझं ओढताना शरीराचं काय होतं, हे कुठल्याही जनावरात दिसतं. जूनमध्ये सरदच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, पेरणी-लावणीची धांदल असते तेव्हा, किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात वायंगणाच्या, म्हणजे रब्बी भाताच्या, वेळी, सकाळी सातला शेताच्या मेरेवर (बांधावर) जाऊन उभे राहा. मये, नार्वे, दिवाडी, कुडतरी, जे जवळ असेल ते. एखादी बैलजोडी मिळाली तर नशीब. शेतकऱ्याला आधी विचारा. "काका, चित्र काढू का थोडा वेळ?" एवढं पुरतं. न विचारता मोबाइल रोखलात तर तो चेहरा आवळून घेतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

तिथे पूर्ण चित्र काढायला बसू नका. एका आकृतीला तीस सेकंद. फक्त पाठीची रेघ, मागच्या पायांचा कोन आणि जुवापासून नांगरापर्यंतची रेघ. असे चाळीस-पन्नास झाले की हाताला एक गोष्ट समजते: ओढणारं जनावर पायांवर उभं नसतं, पुढे पडत असतं. मागचे खूर मातीत टाचले जातात, धड पुढे झुकतं, आणि मागचं ओझं त्याला पडू देत नाही.

टिलरही कामाचा. त्यामागे चालणारा माणूस पोटरीभर चिखलात असतो, एक पाय रुतलेला, दुसरा उपसून काढतोय, दोन्ही हात पुढे ताणलेले, खांदे उचललेले. म्हातारा काढताना मला हाच टिलरवाला उपयोगी पडला. फोटोत म्हाताऱ्याचे पाय ढेकळांआड गेले होते. ते मी मयेहून आणले.

अवजारं जवळून बघायची असतील तर बाणावलीच्या गोवा चित्रा संग्रहालयात जा. नांगर, जू, घाणे, आणि वेगळ्या दालनात देशभरातल्या गाड्या. लाकडाला लाकूड कसं बसवलंय, दोर कुठल्या खाचेतून जातो, हे फोटोत कधीच दिसत नाही. छोटी वही घेऊन जा आणि आत बसून काढलेलं चालतं का ते तिथल्या माणसाला विचारा.

३. कागदावर आधी फक्त तीन रेघा

२एच पेन्सिल घ्या. दाबू नका, कागदावर रेघेची खाच पडली तर ती शेवटपर्यंत दिसते.

पहिली रेघ जमिनीची. दुसरी ओढीची: घोड्याच्या खांद्यापासून औतापर्यंत, पट्टी लावल्यासारखी सरळ. तिसरी पाठीची: कानांमधून मान, पाठ, पुठ्ठा, शेपटीच्या मुळापर्यंत.

या तिघींत दुसरी सर्वांत महत्त्वाची. ओढणारा दोर किंवा साखळी जराही लोंबली की घोडा उभा आहे असं वाटतं. मग पाय कितीही सुंदर काढा, काम थांबलेलं दिसतं. माझ्या पाचव्या कागदात सगळं बरोबर होतं, फक्त साखळी झोपाळ्यासारखी लोंबत होती. चार दिवस कळेना काय चुकतंय.

पाठीच्या रेघेला सपाट ठेवू नका. खांद्यावर एक उंचवटा असतो, मग पाठ किंचित बसते, पुठ्ठ्यावर पुन्हा चढते. भारी घोड्याचा पुठ्ठा गोल आणि मधोमध खाच असलेला, मागून बघितलं तर दोन भाकऱ्या शेजारी ठेवल्यासारखा. बैलाच्या सवयीने तिथे कमरेची हाडं टोकदार काढू नका आणि खांद्यावर वशिंड तर अजिबात नको. हसू नका, माझ्याकडून झालंय.

४. माप: डोक्याची लांबी हे तुमचं माप

कानाच्या मुळापासून ओठापर्यंतची लांबी पेन्सिलीवर अंगठ्याने धरा. ढोबळ हिशेब असा: खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत अडीच डोकी, छातीपासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत अडीच डोकी. म्हणजे पाय धरून घोडा साधारण चौकोनात बसतो. नवखे हमखास डोकं लहान आणि धड लांब काढतात. मग घोड्याचा डॅशहुंड कुत्रा होतो.

माणसाशी प्रमाण इथेच पक्कं करा. शायर घोडा सहज १७ हँड उंच असतो. हा इंग्रजी हँड म्हणजे ४ इंच, आपला कोपरापासूनचा हात नव्हे. १७ गुणिले ४, म्हणजे ६८ इंच, म्हणजे ५ फूट ८ इंच, आणि तीही फक्त खांद्यापर्यंत. मान उचलली तर डोकं आणखी वर. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची टाळू आणि घोड्याचा खांदा एका रेषेत. माझ्या चौथ्या कागदात म्हातारा घोड्याच्या पाठीवरून पलीकडचं बघू शकत होता. तसा घोडा हवा असेल तर धनगरी घोडी काढा.

मोबाइलच्या फोटोत एक खोड असते. घोड्यासमोर अगदी जवळ उभं राहून काढलेल्या फोटोत डोकं फुगतं आणि पुठ्ठा आकसतो. असा फोटो मापाला घेऊ नका. दुरून, शक्यतो बाजूने काढलेला निवडा.

आता पाय. बहुतेकांचा घोडा इथेच लंगडतो, तेव्हा जरा थांबून वाचा.

घोड्याच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर मनगट. मागच्या पायाचा जो सांधा उलटा मोडल्यासारखा दिसतो, तो गुडघा नाहीच, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून. आणि खूर म्हणजे एका बोटाचं नख. सगळा घोडा चार बोटांवर उभा. हे एकदा स्वतःच्या अंगावर करून बघा: चवड्यांवर उभे राहा, टाचा उचला, गुडघे वाकवा. मागचा पाय कसा दुमडतो ते लगेच समजेल. मी स्वयंपाकघरात हे करत होतो तेव्हा मुलगी आजीला बोलवायला धावली.

सावकाश चालीत घोडा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय टाकतो. जमिनीवर नेहमी दोन तरी खूर असतात, पुष्कळदा तीन. जड ओझ्याच्या चित्रात तीनच टेकवा. आणि एक खूण लक्षात ठेवा: एका बाजूचे दोन पाय खाली जवळ येऊन उलट्या तंबूसारखे दिसतात, त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे दोन फाकलेले असतात. चारही पाय सारख्या अंतरावर काढलेत तर ते टेबल होतं.

दौडणाऱ्या घोड्याचे पुढचे दोन पुढे आणि मागचे दोन मागे असे ताणलेले पाय जुन्या चित्रांत दिसतात. ते चूक आहे, हे छायाचित्रकार म्यूब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. चारही खूर हवेत असतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. औताच्या घोड्याला दौडायचं नसतं, तरी जुन्या चित्रांतले पाय तसेच्या तसे घेऊ नका म्हणून सांगितलं.

५. साज: इथे घाई केलीत तर जाणकार हसतील

माझ्या बायकोचे मामा बेळगावचे. तरुणपणी त्यांनी टांगा चालवला. सहावा कागद मी अभिमानाने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"जावईबापू, ह्याला फास दिलात की काय?"

मी घोड्याच्या मानेवर बैलाचं जू ठेवलं होतं आणि दोर गळ्याभोवती.

बैल जू पेलतो ते वशिंडाच्या पुढे, मानेवर. घोड्याला वशिंड नाही. जू तिथे टिकणार कशावर? आणि गळ्यावर दोर आवळला तर श्वासनळी दाबली जाते. घोडा जितकं ओढेल तितका गुदमरेल. म्हणून घोड्याच्या गळ्यात गादीसारखा जाड, पेरूच्या फोडीच्या आकाराचा पट्टा घालतात, वर निमुळता आणि खाली रुंद. तो गळ्यावर नाही, खांद्यांवर टेकतो. घोडा खांद्यांनी ढकलतो, आणि त्या ढकलण्याची ओढ होते. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लाकडी किंवा धातूच्या वाकड्या पट्ट्या असतात. त्यांच्या आकड्यांना ओढीच्या साखळ्या लागतात, साधारण खांद्याच्या टोकाच्या उंचीवर. साखळ्या मागे जाऊन एका आडव्या दांडीला अडकतात आणि त्या दांडीच्या मध्यावर औत. दांडी नसेल तर साखळ्या मागच्या पायांवर घासतील. फोटोत ती ढेकळांच्या रंगात हरवते म्हणून हमखास राहून जाते.

मामांनी खूण सांगितली: "पट्टा आणि गळा यांत सपाट हात जायला हवा. चित्रातपण." तेवढी फट काळी दाखवा. पट्टा लगेच वजनदार वाटतो.

साज काढायचा क्रम: आधी गळपट्टा, मग ओढीची साखळी, मग पाठीवरचा पातळ पट्टा, मग तोंडातला लगाम आणि डोळ्यांची ढापणं, आणि सर्वांत शेवटी कासरे. कासरा लगामाच्या कडीतून निघून गळपट्ट्यावरच्या कडीतून ओवला जातो आणि मग माणसाच्या हातात येतो. साखळी ताठ, कासरा मात्र हलका झोल घेतलेला. दोन्ही ताठ काढलेत तर माणूस घोड्याला एकाच वेळी ओढ म्हणतोय आणि थांब म्हणतोय, असं होतं.

चामड्याचा प्रत्येक टाका काढू नका. एक बकल नीट, बाकीची ठिपक्यांवर.

दोन घोड्यांची जोडी पहिल्या चित्रात नको. आठ पाय होतात. पण पुढेमागे काढलीत तर एवढं माहीत असू द्या: माती उजवीकडे उलटणाऱ्या नांगराला जोडी असेल तर उजवा घोडा आधी पडलेल्या सरीत चालतो आणि डावा न नांगरलेल्या जमिनीवर. त्यामुळे उजवा चार बोटं खाली दिसतो. दोघांच्या पाठी एका पातळीत आल्या की माहितगाराला लगेच खटकतं.

६. माणूस

चेहऱ्यात अडकू नका. कष्ट चेहऱ्यावर कमी आणि कमरेत जास्त दिसतो. म्हाताऱ्याचा चेहरा माझ्या चित्रात टोपीखालचा एक काळा त्रिकोण आहे, आणि तरी लोक विचारतात, हा कोण?

घोड्याची आणि माणसाची चाल जुळली पाहिजे. घोड्याचं वजन पुढे, माणसाचं किंचित मागे. बूट ढेकळांवर सपाट पडत नाही. एक बाहेरच्या कडेवर, दुसरा टाचेवर. कोटाच्या कोपराला वळ्या पडतात, पाठीवर ताण येतो आणि खिशात काहीतरी जड असल्यासारखा तो लोंबतो. तुम्ही आपला शेतकरी घेतलात तर खांद्यावर घोंगडं किंवा डोक्यावर इरलं, कासोटा, पोटरीच्या शिरा. तेही त्याच पद्धतीने: आधी कणा, मग कपडा.

७. माती आणि मागचा देखावा

थोडक्यात. सुताराची पेन्सिल आडवी धरा, जवळची ढेकळं मोठी आणि गडद, लांबची बारीक आणि फिकी. सऱ्या सगळ्या क्षितिजावरच्या एका बिंदूकडे जातात. मागे झाडांची एक फिकी ओळ पुरे. चर्च, घर, कुंपण, उडते पक्षी, सगळं वगळा.

औताच्या दातांपाशी मात्र वेळ घाला. माती तिथे उकलते, फुटते, चौकटीवर चढते. हे काढायला एक संध्याकाळ द्या.

८. छटा द्यायची ती फिक्याकडून गडदाकडे

ऊन कुठून येतंय ते कागदाच्या कोपऱ्यात बाणाने लिहा. आपल्याला डोक्यावरच्या उन्हाची सवय. त्यात सावली पोटाखाली छोटीशी पडते. इंग्लंडात हिवाळ्याच्या तोंडावर ऊन दिवसभर तिरपंच, सावल्या लांब. मी घोड्याला तिरपं ऊन दिलं आणि म्हाताऱ्याला डिचोलीचं बाराचं. दोघे वेगवेगळ्या गावांत दिसत होते.

आधी सगळ्या अंगावर एचबीचा पातळ हात. मग २बीने स्नायूंच्या वळणाने रेघा: खांद्यावर तिरप्या, पोटावर पिंपाच्या कड्यांसारख्या गोल, पुठ्ठ्यावर शेपटीकडे उतरणाऱ्या. कागदाच्या वातीने सगळीकडे घोटू नका. घोटलेला घोडा साबणाचा दिसतो. वात फक्त पोटाखाली आणि वाफेसाठी.

६बी अगदी शेवटी आणि पाच-सहा जागीच: नाकपुडी, ढापणाखालचा डोळा, गळपट्ट्याची फट, पोटाखाली, खुरांखाली. ६बी फार दाबली की शिसं चकाकायला लागतं आणि उजेडात काळ्याच्या जागी राखाडी आरसा दिसतो. तो खोडताही येत नाही.

पायांचे पांढरे झुपके पेन्सिलीने काढायचे नसतात. तो भाग कोरा ठेवून मागची माती गडद करा, मग झुपके आपोआप उजळतात. घामाची चमक मऊ खोडरबरची टोकदार सुरळी करून उचलायची. वाफही तशीच: आधी मागची झाडं हलकी घोटून घ्या, मग खोडरबर नुसता टेकवत टेकवत वर जा. घासू नका.

एका बैठकीत चित्र पुरं करण्याचा हट्ट नको. माझ्या आठव्या कागदाला अकरा संध्याकाळी लागल्या.

९. आपला पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडचा कागद म्हणजे ओला पापड. हवेतली ओल शोषून तो मऊ पडतो, शिसं ठिपक्याठिपक्यांनी बसतं, आणि खोडताना वरचे तंतूंचे पोपडे निघतात. काम नसेल तेव्हा कागद दोन फळ्यांमध्ये दाबून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बंद डब्यात किंवा ट्रंकेत ठेवा. काढायला बसण्याआधी तासभर फ्रीजच्या डोक्यावर ठेवला तर परत कडक होतो.

फिक्सेटिव्ह मारायला कोरडा दिवस निवडा. बाहेर, वारा नसताना, हातभर अंतरावरून, दोन-तीन हलके थर. एकच जाड थर मारला की थेंब पडतात. केसांचा स्प्रे मारा असं कोणीतरी सांगेलच. तो चिकट राहतो आणि पुढे कागद पिवळा पाडतो.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काच टेकली की ओल धरते आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत कागदावर तपकिरी ठिपके येतात. फ्रेमवाल्याला मागच्या बाजूला साधा पुठ्ठा लावू देऊ नका, आम्लमुक्त मागा; आणि मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्या, नाहीतर कसर आत जाऊन आधी डिंक आणि मग घोडा खाते. बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसात ओल येते, तिथे टांगू नका.

१०. कुठे पाठवायचं असेल तर

एका स्पर्धेत माझं चित्र न बघताच परत आलं, कारण माउंट धरून माप दोन सेंटीमीटरने जास्त भरलं. तक्रार करायला गेलो तर नियमावलीचं तिसरं पान पुढे केलं. बरोबर होतं त्यांचं. राग आला तो आलाच. तर आधीपासून एका पाकिटात हे जमवून ठेवा:

– ज्याने फोटो काढला त्याची लेखी परवानगी. मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश छापून घेतला तरी चालावं, पण त्यात "चित्र काढायला आणि मांडायला हरकत नाही" हे स्पष्ट असू द्या. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. नेटवरून उचललेल्या फोटोवरून सराव करा, प्रदर्शनाला देऊ नका.
– चित्राचं माप, माउंटसकट आणि माउंटशिवाय, दोन्ही.
– माध्यम: "कागदावर पेन्सिल". साल. मागच्या बाजूला सही. सही पुढे केलीत तर घोड्याच्या पायांत नको.
– आधार कार्डाची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा. काही ठिकाणी स्थानिकांचा वेगळा गट असतो, तिथे रहिवासी दाखला मागतात; तो काढायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.
– चित्राचा चांगला फोटो, काच लावण्याआधी, सावलीत काढलेला. काचेतून काढलात तर घोड्याच्या पोटात तुमचा मोबाइल दिसतो.

टपालाने पाठवायचं तर गुंडाळू नका. गुंडाळलेल्या कागदावर शिसं आपल्याच पाठीला लागतं. वर बटर पेपर, दोन्हीकडून कडक पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक.

आठवं चित्र पुरं झालं त्या रविवारी मी ते घेऊन चोर्ला घाटाने थेट बेळगावला गेलो. स्प्रे परत आल्यावर मारू म्हटलं. मामांनी चष्मा लावला, गळपट्टा बघितला, साखळी बघितली. मग गळा आणि पट्ट्याच्या फटीवर बोट ठेवून म्हणाले, "आता जातो हात."

बोटाचा ठसा अजून तिथे आहे.